कोटाच्या बटणाएवढं कडं

इस्पितळाच्या लॅबमधल्या मावशींच्या वाट्याला यायची ती निकालानंतरची आवराआवर. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा वाफेच्या भांड्यात घालायच्या, जंतू मेले की घासून लख्ख करायच्या. शिक्षण बेताचंच, पण इतक्या वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. बशीत ठेवलेल्या औषधाच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडलं, तर माणूस वाचतो. कडं नाही, तर सगळा आनंदच.

नवरा शिंपी. जिन्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. लघवीला नळी लागली आणि जंतूंचं दुखणं पाचवीलाच पुजलं. या खेपेला ताप हटेना म्हणून त्यांना वॉर्डात ठेवलं. त्यांची बशी लॅबमध्ये आली, तर एकाही टिकलीला कडं नाही. ती बशी मावशींनीच घासली.

दुसऱ्या दिवशी फळीवर नवऱ्याच्याच नंबराची आणखी एक बशी दिसली. झाकणावर बाष्प धरलं होतं, तरी मधल्या ठिपक्याभोवतीचं स्वच्छ कडं लपत नव्हतं. कुणाला काही विचारायचं भान कुठलं? मावशी तडक वॉर्डात गेल्या.

"अहो, औषध सापडलं."

"केवढं कडं?"

"कोटाच्या बटणाएवढं."

शिंप्याला माप पटलं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

परत येऊन मावशींनी लॅबच्या डॉक्टरबाईंना औषधाचं नाव विचारलं. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून समजावलं. ती टिकली नव्हतीच, तो नवऱ्याचाच जंतू होता. बाईंनी अभ्यासासाठी तो दुसऱ्या, साध्या जंतूंच्या थरावर ठेवला होता. हा जंतू एक मारक प्रथिन सोडतो आणि आपल्याच जातीच्या शेजाऱ्यांना संपवून जागा बळकावतो. भाऊबंदकी काय फक्त माणसांतच असते? ते प्रथिन बनवायची कृती आणि औषधं निकामी करायची युक्ती, दोन्ही त्याच्याजवळच्या एका इवल्या गोल धाग्यात असतात. त्याला प्लाझ्मिड म्हणतात, आणि जंतू तो एकमेकांना देतातही.

"मग औषध?" मावशींनी विचारलं.

"आपल्याकडची सगळी लावून झाली, मावशी."

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या, तेव्हा ते शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला बोटांनी बटणाचं माप दाखवत होते. अंग तव्यासारखं तापलेलं, चेहरा मात्र हसरा. मावशींना रडू आवरेना, म्हणून त्या उगाच चादर नीट करत राहिल्या.

"अगं, आणखी वाढलं का कडं?"

"वाढलं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली.