उलट्या लवेचा पडदा

कात्रीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. नवरा "अगं" म्हणतो, धाकटी जाऊ "ताई" म्हणते, आणि बाकी सगळ्यांच्या तोंडी कात्रीबाई. कापड बेतावं तर त्यांनीच. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच बाई एक नजर टाकून माप सांगणार, आणि वर "मागच्या खेपेपेक्षा सुटलायत हां जरा," असंही ऐकवणार. नाकावर माशी बसू देतील तर शपथ! "माझ्या कात्रीची चूक दाखवा, उद्या दुकानाला कुलूप लावते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दाखवायला जातंय कोण?

त्यांचा दुसरा हातखंडा म्हणजे प्रार्थना. रविवारी चर्चच्या उपासनेत पापकबुलीची प्रार्थना करायला पाळकसाहेब बहुतेक वेळा त्यांनाच उभं करत. बाई डोळे मिटून सुरू झाल्या की मागच्या बाकांवरची कुजबुज आपोआप थांबायची. आम्ही चुकलो, आम्ही भरकटलो, आम्हा सर्वांना पदरात घे, असं ऐकता ऐकता भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाईंच्या मात्र कधी आलं नाही. त्यांची कबुली सगळी ठोकात असायची, किरकोळीत त्या कधी शिरल्याच नाहीत. तरी एक गोष्ट सांगायला हवी. देव क्षमा करतो यावर बाईंचा विश्वास पक्का होता, आणि त्यात ढोंग अजिबात नव्हतं.

दुकान दोघी जावांचं. थोरलीने बेतायचं, धाकटीने शिवायचं. अशी बरीच वर्षं चांगली गेली, आणि मग वेदीमागच्या पडद्याचं काम आलं.

पडदा मखमलीचा होता. मखमलीला लव असते. एका अंगाने हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर हाताला अडते. दोन तुकडे जोडायचे तर दोन्हींची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. म्हणून बेतणारा मागच्या बाजूला खडूने बाण काढतो, आणि शिवणारा त्या बाणावर विसंबून शिवतो. शिवून झालं की खडू झटकून टाकायचा.

त्या दिवशी बाईंना घाई होती. त्यांनी कापड मधोमध आडवं दुमडलं, दोन्ही थर एकदम कापले आणि दोन्हींवर एकाच अंगाला बाण ओढून मोकळ्या झाल्या. आडवं दुमडलं की वरच्या थराची लव उलटी होते. हे तर शिवण शिकायला आलेल्या नवख्या पोरीलासुद्धा सुरुवातीलाच सांगतात!

धाकटीने मशीनवर घेण्याआधी हात फिरवून बघितला. "ताई, ह्या तुकड्याची लव उलटी लागतेय. बाण बरोबर आहे ना?"

"तू शिव गं! मी काय आज पहिल्यांदा मखमल बघतेय?"

धाकटीने शिवलं. जोडावर सोनेरी फितीचा क्रूसही लावला, आणि तो इतका नेटका की बघत राहावं. रविवारी सकाळी पडदा लागला. खिडकीतून ऊन आत आलं आणि सगळ्यांना दिसलं, अर्धा पडदा डाळिंबी आणि अर्धा काळपट. उपासना संपल्यावर चर्चमंडळीच्या कारभाऱ्यांनी विचारलं, "बाई, हे असं कसं झालं?"

बाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही. "मी बरोबर बेतलं होतं. शिवताना उलटं लागलं."

धाकटी शेजारीच उभी होती. तिने एकदा थोरल्या जावेच्या तोंडाकडे बघितलं आणि चपला घालून निघून गेली.

पडदा उसवायची सोय नव्हती. मखमलीवर एकदा सुई गेली की भोकं राहतात. तेव्हा तो तसाच राहिला आणि खापर धाकटीच्या डोक्यावर राहिलं. गायनमंडळाचे झगे तिला मिळायचे होते, ते दुसऱ्या शिंप्याकडे गेले. तिने दुकान सोडलं आणि घरीच बसून चेन बदलणं, पायजम्यांची उंची कमी-जास्त करणं असली कामं घ्यायला लागली. उपासनेला यायची, पण शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे जायचे, तेव्हा ही मान खाली घालून जागेवरच बसायची. लोक म्हणाले, मन खातंय तिचं. बाईंनी हेही ऐकलं आणि मूग गिळून बसल्या.

एका शनिवारी संध्याकाळी धाकटी अचानक घरी आली. बाई इस्त्री करत होत्या. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, माझ्या मनात तुमच्याबद्दल फार राग आहे. असा राग पोटात ठेवून प्रभुभोजन घेववत नाही मला. खूप दिवस झाले. मला माफ करा."

आणि बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "माफ केलं हो!" एवढंच नाही, इस्त्री बाजूला ठेवून धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चांगली ऐसपैस प्रार्थनाही केली. धाकटीने आमेन म्हटलं. चहाला नको म्हणाली आणि गेली.

बाई समाधानाने पुन्हा इस्त्रीकडे वळल्या. नवरा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटता उलटता विचारलं, "कशाची माफी मागायला आली होती?"

"राग धरला होता ना तिने माझ्यावर."

"अस्सं. आणि राग कशाचा?"

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. नवऱ्याला पडद्याची खरी गोष्ट माहीत नव्हती, त्याने आपलं सहज विचारलं होतं. बाई मात्र त्या प्रश्नापाशीच अडकल्या. आपण कोणाला माफ केलं? कशाबद्दल? जिचं नाव आपण घालवलं, ती आपल्या दारात हात जोडून उभी राहिली, आणि आपण राणीसारखी दया दाखवली! बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

त्या आतल्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसल्या. सवयीने सुरुवात केली, "आम्ही चुकलो..." आणि थांबल्या. हे त्यांना पुढे रेटवेना. क्षमा करणाऱ्यावर एवढा विश्वास, आणि इतक्या वर्षांत क्षमा करायला त्याच्या हातात काही ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी कापड, कात्री, खडू, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. सांगताना रडू फुटलं. उठल्या तेव्हा देवाने क्षमा केली याची त्यांना खात्री होती. तशीच आणखी एक खात्री झाली होती. खोटं बोललो चारचौघांत, तर खरंही चारचौघांतच बोलायला हवं.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे बाईंकडे बघून मान हलवली. बाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे पित्या, वेदीमागचा पडदा मी चुकीचा बेतला. कापड मी आडवं दुमडलं, बाण मी उलटा काढला. माझ्या जावेने मला विचारलं होतं, मी तिला गप्प बसवलं. आणि सगळ्यांसमोर खोटं बोलून तिच्या हाताला बट्टा लावला. तिने उत्तम शिवलं होतं. मला क्षमा कर. आमेन."

एवढीच. बाईंची इतकी आखूड प्रार्थना कोणी कधी ऐकली नव्हती. आमेन म्हणायचंही लोकांना सुचेना, डोळे मात्र सगळ्यांचे उघडले होते. कारभारी खाली बघत होते. धाकटीच्या हाताला बट्टा लावण्यात त्यांचीही जीभ चालली होती.

बाई आपल्या जागेवर बसल्या नाहीत. बाकांच्या मधून चालत थेट शेवटच्या बाकाशी गेल्या. "काल मी तुला माफ केलं म्हणाले. लाज वाटते मला त्याची. माफी मी मागायला हवी होती. मला माफ कर गं."

धाकटीचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "ताई, काल तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात ना, तेव्हा वाटलं, तो झटकून टाकावा. पडद्याच्या वेळीसुद्धा एवढा राग आला नव्हता."

"झटकायला हवा होतास."

"गेलेली कामं काही परत येणार नाहीत."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. सारवासारव केली नाही. जन्मात पहिल्यांदा त्या दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत उभ्या होत्या.

पुढे पाळकसाहेबांनी भाकर मोडली. बाकाबाकांवरून लोक उठून जायला लागले. शेवटच्या बाकाची पाळी आली तशी बाई बाजूला सरकल्या. "तू जा. मी आज नाही येत. कुठल्या तोंडाने येऊ?"

धाकटीने पदराने डोळे पुसले, उठली आणि बाईंचं मनगट धरलं.

"ह्याच तोंडाने या," ती म्हणाली. "मी माफ केलंय तुम्हाला. चला, सगळे आपल्यासाठी थांबलेत."