मनोगताची रिकामी जागा

चष्म्यामुळे सगळे जिला ढापणी म्हणत, तिला वेबसाइटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी कॉलेजच्या मासिकाची ऑनलाइन आवृत्ती तिच्याच गळ्यात पडली, कारण संपादकानं विचारलं तेव्हा बाकी सगळे बुटाच्या नाड्या बांधायला वाकले होते. व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःलाच शिव्या घालत तिनं एकेक पान उभं केलं. प्राचार्यांचं मनोगत काही केल्या येईना, म्हणून तिथं तिनं तात्पुरतं लिहिलं, 'इथे सर नेहमीचंच दळण दळतील.' आणि ते बदलायला साफ विसरली.

उद्घाटनाला भरल्या सभागृहात पडद्यावर नेमकं तेच पान उघडलं. प्राचार्यांनी सवयीनं ते माइकवर वाचूनही टाकलं.

"हे कुणाचं काम?"

सकाळपासून सगळं श्रेय लाटणाऱ्या संपादकानं ताबडतोब ढापणीकडे बोट दाखवलं. ती उठली.

"माझंच, सर. तुमचा मजकूर आलाच नाही."

प्राचार्य खाकरले. "मग घे लिहून. मुलांनो, छान लिहिलंत. वाचतो."

तिनं तिथंच टाइप केलं आणि सगळ्यांदेखत पान बदललं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मनोगत इतक्यात आटोपलं म्हणून की पान चाललं म्हणून, या भानगडीत ती पडली नाही. तिनं ऐटीत मान झुकवली.