जुन्या मशीनला अनुदान नसतं

द्राक्षांच्या हंगामात सिन्नर गाठलं ते फुकटची द्राक्षं खायला, खोटं कशाला बोलू? कॉलेजातली मैत्रीण सुनंदा तिथल्या औद्योगिक वसाहतीत द्राक्षांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवायची. तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतून तिला प्रशिक्षण, बँकेचं कर्ज आणि वर अनुदान मिळालं होतं. "ये की, माझा कारखाना बघ," असं ती कधीपासून म्हणत होती. मी गेले तेव्हा ती तो बंद करत होती.

पुण्याहून निघणाऱ्यांनी नाशिकपर्यंतचं तिकीट काढू नये, एसटी सिन्नरवरूनच जाते. संगमनेरला थांबते तिथे चहा घ्या, भजी मात्र बघून. सिन्नर स्टँडवरून वसाहतीपर्यंत जीप मिळते, पण माणसं कोंबल्याशिवाय ती हलत नाही. माझ्या मांडीवर कुणाच्या तरी मेथीच्या जुड्या होत्या.

सुनंदाचा नवरा देवळाली कॅम्पात फौजी. त्याची बदली आसामला झाली होती. "दोन लेकरं घेऊन मी एकटी इथं कशी राहू गं?" ती म्हणाली.

तिच्याकडे सुरुवातीपासून काम करणारी उज्ज्वला हा धंदा घ्यायला तयार होती. झेंडू पिकवणाऱ्या घरातली पोरगी. ऑर्डरी तीच घ्यायची, बागाईतदारांशी भावावरून भांडायचीसुद्धा. तिच्यासाठीच त्या दुपारी योजनेचे साहेब आले होते.

"अर्ज कर, मी पाठपुरावा करतो," साहेब म्हणाले. "पण मशीन नवंच घ्यावं लागेल. जुन्याला अनुदान बसत नाही."

"साहेब, हे चालू हाय ना!" उज्ज्वला म्हणाली. "गिऱ्हाईक हाय, जागा हाय. हे अनुदानाबिगर घ्यायला पैका नाय, अन् नव्यात आपला हिस्सा भरायचा म्हंजी लय जड जाईल. आमच्याच्यानं नाय व्हायचं."

"लोक एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा अनुदान उचलतात, म्हणून नियम आहे, बाई."

त्यांचंही खरंच होतं. चहा पिताना ते खोक्यांना पिना मारणाऱ्या त्या मशीनकडेच बघत होते. मला मात्र राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं नाशिकला मिसळ खाऊ घातली. जाल तेव्हा सोबत दही मागून घ्या.

पुण्यात परतल्यावर द्राक्षं शेजारीपाजारी वाटून टाकली. फार गोड होती, पण मन लागेना. इतकं जमत आलेलं काम डोळ्यांदेखत मोडलं, याची हळहळ अजून जात नाही.

आसामला निघण्याआधी सुनंदाचा फोन आला. मशीन मालेगावच्या व्यापाऱ्यानं नेलं होतं. उज्ज्वला रोजानं द्राक्षं तोडायला जात होती.

"साहेबांनी नव्या पोरांच्या शिबिरात मला बोलायला बोलावलंय," सुनंदा म्हणाली. "यशस्वी उद्योजिका म्हणून. मी म्हटलं, उज्ज्वलाला न्या. तर म्हणाले, तिच्या नावावर उद्योग कुठंय?"