खंडेनवमीला पुजलेला राउटर

माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मोबाइलला रेंज मिळते ती फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी. पुण्याच्या कंपनीनं मला महिनाभर घरून काम करून दाखवायला सांगितलं होतं. नेटनं दगा दिला तर मुकाट्यानं पुण्याला यायचं, अशी अट. नवरा फौजेत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मेंढरं सोडून कुठं येणार नव्हत्या. मी गेले की त्या एकट्या.

म्हणून मी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक छोटा संगणक मागवला. नुसती उघडी पट्टी, ना पडदा ना कीबोर्ड. तो जिन्याच्या माथ्यावर ठेवला, सिमकार्डाचा डोंगल लांब वायरीनं टाकीपाशी बांधला आणि दोन रविवार डोकं फोडून त्याचा राउटर केला. उन्हानं तापायचा म्हणून झाकण लावलंच नाही. घरभर नेट आलं. डिप्लोमाला असताना माझ्या सोल्डरिंगला हसणाऱ्या पोरांना बोलावून दाखवावं, असं फार वाटलं.

शेवटच्या दिवशी अकराला साहेबांसमोर काम चालवून दाखवायचं होतं. नेमकी खंडेनवमी. कंपनीला सुट्टी दसऱ्याची, खंडेनवमीला कोण विचारतो! दहाला लॅपटॉप उघडला तर नेट नाही. जिन्यात गेले तर राउटरच नाही.

देव्हाऱ्यापुढं घोंगडीवर हत्यारं मांडली होती. कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, आणि सगळ्यांच्या आधी माझा राउटर. वर ओलं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"आवं आत्याबाई, ह्ये काय केलंसा!" मी ओरडलेच.

"आगं, तुजं हत्यार हाय न्हवं? आज हत्यारांना इसावा असतोय."

"त्याला इसावा दिला की माझ्या हितल्या कामाला कायमचाच मिळतोय!"

राग असा आला होता की विचारू नका. पण खरं सांगते, त्या रागातही छाती फुगली. ज्या कातरीवर त्यांचा जन्म गेला ती दुसऱ्या नंबरला, आणि माझी पट्टी पहिली.

जुना टूथब्रश आणि सॅनिटायझर घेऊन पिनांमधलं कुंकू काढलं, पंख्याखाली वाळवलं, वायर जोडली. लाल दिवा लागला, हिरवा काही लुकलुकेना. चालू असताना वायर उपटल्यामुळं आतलं मेमरी कार्ड बिघडलं होतं. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून त्या कार्डाची नक्कल मी आधीच करून ठेवली होती. ती घातली. हिरवा दिवा लुकलुकला तेव्हा अकराला पाच मिनिटं होती.

एकदाही न अडकता सगळं काम दाखवलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "खेड्यात एवढं चांगलं कनेक्शन? कुणी बसवून दिलं?"

"मीच बसवलंय, सर. राउटरही मीच बनवलाय."

ते हसले. म्हणाले, "मग तिथूनच करा काम."

लॅपटॉप मिटला तर आत्याबाई दारात उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"म्हंजी तू जात न्हाईस?"

"न्हाई."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "आज तुजी परीक्षा व्हती, ठावं हुतं मला. तू जाऊ नयेस म्हून त्येला समद्यांच्या आदी पुजला गं."

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.