पंगतवाले सर

आमच्या सरांना कुठल्याही लग्नात सुखानं जेवता आलं नाही. पानावर बसले की डोळे वाढप्यांवर. बुंदीचं ताट पुन्हा त्याच टोकाला गेलेलं दिसलं की यांचा घास हातातच थांबायचा. मग उठायचे आणि वाढप्यांना हाकारायला लागायचे. चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या की यांना लग्नाला नेणं म्हणजे यजमानाला एक फुकटचा माणूस पुरवणं.

बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते आम्हाला नेटवर्क शिकवायचे. त्यांचे वडील लग्नांत आचारी, त्यामुळे सर लहानपणापासून पंगतीत वावरलेले. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगचा धडा आला त्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुस्तकातली आकृती काढली, आमचे मख्ख चेहरे पाहिले आणि आकृती पुसून टाकली.

"वाढपी म्हणजे डेटा प्लेन," ते म्हणाले. "त्यानं वाढायचं आणि पुढं सरकायचं, डोकं चालवायचं न्हाय. मधे उभा राहून कुठल्या रांगेला काय कमी हाय ते बघतो आणि वाढप्यांना धाडतो, तो कंट्रोल प्लेन. आणि म्हाताऱ्यांना आधी वाढा, हे ज्याच्या घरचं कार्य तो सांगणार. तो अ‍ॅप्लिकेशन प्लेन." जुन्या नेटवर्कात प्रत्येक स्विच आपापल्या अकलेनं चाले, सगळी पंगत एका नजरेनं बघणारं कुणी नसे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. अंथुर्ण्याहून एसटीनं धक्के खात येणाऱ्या माझ्या डोक्यात ते जे बसलं, त्यावर मी आज पुण्यात पोट भरतो.

मी विचारलं होतं की मधला माणूसच निघून गेला तर? सर इतके खूश झाले की तास संपल्यावर मला कँटीनमध्ये चहा पाजला. लगेच काही बिघडत नाही, म्हणाले. सांगून ठेवलेलं वाढपी वाढत राहतात. पण नवा कुणी येऊन बसला तर त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नसतं, त्याचं पान रिकामं राहतं.

निवृत्तीनंतर सर विसरायला लागले. डॉक्टरांकडून आल्यावर ते मला त्यांनीच सांगितलं, तेही हसत. "मधला माणूस चालला रं. वाढपी हायेत अजून." आणि खरंच, चहा स्वतः करायचे, गवती चहा घालून, पहिल्यासारखा. माझी जुनी फजिती रंगवून सांगायचे. नवीन काही तेवढं टिकत नव्हतं.

माझं लग्न त्यानंतरचं. बायको लासुर्ण्याची. प्रत्येक भेटीत सर तिला गाव विचारायचे, नाव विचारायचे, आणि चाचींना सांगायचे की पहिल्यांदा आलीय, हिची ओटी भर. त्यांनी एकदा तरी तिला आपणहून नावानं हाक मारावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी बोलण्यात तिचं नाव वेड्यासारखं घोळवायचो. शेवटी तीच म्हणाली, "असू द्या की. दर खेपेला नव्या नवरीचा मान मिळतोय मला."

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा सर ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला गाव विचारलं. मग माझ्याकडे वळले.

"आणि तुमचं गाव कुठलं?"

चाचींनी मान खाली घातली. मी म्हणालो, "अंथुर्णे."

सरांचा चेहरा उजळला. "अंथुर्ण्याचा माझा एक पोरगा हाय. लई गुणाचा. पुण्याला असतोय." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तिकडं गेलात आणि भेटला, तर सांगा त्याला. म्हणावं, सर वाट बघत्यात."

"सांगतो, सर," मी म्हणालो.