सईचा पासवर्ड

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. कारण मी, सुरक्षा समितीचा प्रमुख, स्वतःच्याच पोरीला पळवताना पकडला गेलो! तेही आमच्याच मुलुंडच्या शाळेत, मीच केलेल्या नियमाने.

त्याचं काय झालं, पालकसभेत मी ठणकावून सांगितलं होतं, "शाळा सुटताना मूल असंतसं कोणाच्या हाती द्यायचं नाही. प्रत्येक घराने एक पासवर्ड ठरवायचा. न्यायला येणाऱ्याने तो मुलाच्या कानात सांगायचा. मूल 'बरोबर' म्हणालं तरच गेट उघडायचं. तीनदा चुकला की घंटा!"

"अहो, पण पालकच विसरले तर?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

"मला माहितीये, बाई! सगळा विचार केलाय मी. पासवर्ड विसरणारा पालक पालकच नव्हे!"

काय टाळ्या पडल्या! त्या भरात मी उदाहरण म्हणून आमच्या सईचा 'मोदक' हा पासवर्डही सांगून टाकला. माइकवरून.

पद्धत गाजली. मालाडच्या एका शाळेचे लोक बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर त्यांच्याकडेही हेच सुरू होणार. आता सांगा, माझी कॉलर ताठ होणार नाही तर काय? प्रात्यक्षिक अर्थातच मी देणार, तिसरीतल्या माझ्या लेकीला घेऊन.

त्या दिवशी दुपारी बायकोचा ऑफिसातून फोन. प्राची म्हणाली, "अरे, सईचा पासवर्ड लक्षात आहे ना? काय तो, सांग बघू."

"मला माहितीये!"

"अरे वा! मला वाटलं, विसरला असशील," असं म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा.

एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई एका वाक्यात खूश? मी म्हटलं, चला, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे नवऱ्यावर विश्वास बसायला लागला.

शाळा सुटली. गेटपाशी बाई, शिक्षक आणि मालाडचे पाहुणे उभे. गेटच्या कडीवर हात ठेवून शिंदे मावशी. मी ऐटीत पुढे झालो, सईच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "मोदक."

"चूक," सई म्हणाली.

बोंबला! पण मी काय असातसा डगमगणारा? पाहुण्यांकडे वळलो. "बघितलंत? मुद्दाम चुकीचा शब्द सांगितला. सख्खा बाप समोर उभा, पण पोर हलली नाही!"

टाळ्या!

मी पुन्हा वाकलो. "अगं, मोदकच ना गं?"

"तो जुना. तू माइकवर सांगितलास ना, म्हणून आईने आणि मी काल बदलला. तू मॅच बघत होतास तेव्हा तुला सांगितलाय."

मी 'हं हं' केलं असणार. करतोच मी. "मग आता काय आहे?"

"बाबा! असं विचारणाऱ्याला तर मुळीच सांगायचं नाही. तूच शिकवलंयस."

अंदाजाने ठोकलं, "पुरणपोळी."

"चूक."

"बघा! दुसऱ्यांदाही फसली नाही! झकास!"

या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या. मालाडच्या एका सरांनी घड्याळ बघितलं. सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार, हे स्पष्ट दिसत होतं. शेवटचा प्रयत्न केला, "श्रीखंड?"

"चूक. तीन झाले. मावशीऽऽ!" सई ओरडली. बेंबीच्या देठापासून, अगदी मी शिकवलं होतं तस्सं.

मावशींनी घंटा बडवली आणि माझा दंड धरला.

"अहो मावशी, मी! ओळखत नाही का मला?"

"ओळखते की साहेब. पण चेहरा बघायचा नाय, शब्द ऐकायचा, असं तुम्हीच बोललात ना?"

मला शाळेच्या ऑफिसात नेऊन बसवलं, सई आणि पाहुणे मागोमाग. समोर भिंतीवर पोस्टर होतं, 'अनोळखी व्यक्तींपासून सावध राहा', आणि खाली समितीचा प्रमुख म्हणून माझाच फोटो. खरं सांगतो, इतकी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

शाळेचा फोन गेला तशी प्राची रिक्षाने धावत आली. सईच्या कानात कुजबुजली. "बरोबर!" म्हणत सई तिला बिलगली.

मी भडकलोच. "अगं, पासवर्ड बदललात तर नीट सांगायचं तरी!"

"सांगितला होता! आणि दुपारी फोनवर विचारला तर तूच बरोबर सांगितलास की!"

"मी? काय सांगितलं मी?"

"'मला माहितीये!'"

"हो, तसं म्हणालो मी, पण पासवर्ड..."

"अरे, तोच पासवर्ड आहे! म्हटलं, दिवसभर तू तेच बोलत असतोस. विसरायचा प्रश्नच नाही."

ऑफिसात नुसता हशा! आणि माझं नशीब बघा, एरवी उठताबसता तोंडात असणारं ते वाक्य नेमकं गेटवर तेवढं निघालं नाही.

मालाडचे सर डोळे पुसत म्हणाले, "तुमची पद्धत पक्की आहे हो! आम्ही सुरू करतो. प्रात्यक्षिकाला याल ना आमच्याकडे? पळवणाऱ्याचं काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

बाहेर पडताना प्राची म्हणाली, "आता हाही सगळ्यांना कळला. मी नवा ठरवलाय, या वेळी तरी नीट ऐक..."

"मला माहितीये!"

सईने कपाळावर हात मारला. "बाबा, तो जुना झाला!"