पाटी लावायला जागा नाही

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा एसी बसवणारा माणूस शिडीवर चढून मुलींच्या खोलीच्या भिंतीवर खडूने खूण करत होता. फोन मिलिंदच्या बायकोचा, शर्मिलाचा. "सुलभाताई, ह्यांना पहाटे छातीत दुखायला लागलं... दवाखान्यात पोचेपर्यंत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही, कारण शिडीवरचा माणूस विचारत होता, "मॅडम, भोक इथेच पाडू ना?" एसीची गरजच पडू नये अशी इमारत ज्याने बांधली, तो गेल्याची बातमी मला अशी मिळाली. त्या बिचाऱ्या माणसाचा काय दोष! पण महिना उलटला तरी माझा राग काही उतरत नाही.

मिलिंद आणि मी जयगडच्या बाजूला एकाच वर्गात शिकलो. त्याचे वडील आमचे मास्तर. तो मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झाला आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी रत्नागिरीत परत आला. मी खो-खो खेळत राहिले आणि शेवटी सड्यावरच्या, उघड्या कातळाच्या माळावरच्या ह्या निवासी क्रीडाशाळेत मुलींची रेक्टर झाले. तेव्हा मुली पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. सकाळचा सराव करून आलेल्या पोरीला दुपारी डोळा लागला नाही, तर संध्याकाळी ती मैदानात पाय ओढतच फिरते. नवीन वसतिगृह बांधायचं ठरलं तेव्हा मी संस्थेला मिलिंदचं नाव सुचवलं. हा गृहस्थ आला तो कागद-पेन्सिल न घेता, उदबत्तीचा पुडा घेऊन. भर दुपारी शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघत बसला. मुली खुसखुसत होत्या, "बाई, सर पूजा घालतायत काय?"

त्याने काढलेल्या नकाशात चमत्कार असा काहीच नव्हता. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, पश्चिमेला रुंद पडवी, स्लॅबवर वीतभर पोकळी सोडून कौलं, खाली समुद्राच्या वाऱ्यासाठी खिडक्या आणि वर छताखाली गरम हवा निघून जायला जाळ्या. "सुलभे, वारा म्हणजे पाहुणा नाय गो, वाटसरू हाय," तो म्हणायचा. "त्याला जायला वाट नसली तर तो येतच नाय." जाळ्यांभोवती बाहेरून त्याने लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून आपण घरोघरी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतो आणि दसऱ्याच्या सुमाराला सोडतो, तसे बांधायला.

घोडं अडलं ते ह्या कड्यांपाशी. अध्यक्ष आप्पासाहेबांनी त्या पाहिल्या आणि विचारलं, "हे कशाला?" मिलिंदने सांगितलं. "आंतरराष्ट्रीय दर्जाच्या वसतिगृहाला झाप? गोठा हाय काय हा?" खुद्द आप्पासाहेबांच्या घराला दरवर्षी झाप लागतात, पण ते मागच्या पडवीला, पाहुण्यांना दिसत नाहीत. झाप नकोत आणि झडही नको, म्हणून पावसाच्या तोंडावर सगळ्या जाळ्या विटांनी बुजवल्या. चार महिन्यांच्या पावसासाठी वर्षभराचा वारा बंद! पुढच्या उन्हाळ्यात खोल्या तापल्या, तेव्हा हेच लोक म्हणाले, "डिझाइन फसलं. आता एसीशिवाय इलाज नाय." मिलिंद बैठकीमागून बैठकीला जात राहिला. एकदा तर त्याने बैठकीतच उदबत्ती लावली. धूर तिथल्या तिथे घुटमळला, आप्पासाहेबांना ठसका लागला आणि त्यांनी शिपायाला ती विझवायला सांगितली. उंटावरचे शहाणे नुसते! मला रडूच यायचं राहिलं होतं. मिलिंद मात्र बाहेर येऊन म्हणाला, "धूर दिसला ना त्यांना... बस झाला."

बस कसलं झालं? एकच जाळी वाचली, माझ्या खोलीची. गवंडी आला तेव्हा मी खाट ओढून जाळीखाली टाकली आणि तिच्यावर आडवी झाले. तेव्हापासून जिला ताप आहे किंवा जिचा दुसऱ्या दिवशी सामना आहे, ती मुलगी माझ्या खोलीत गादी टाकते. मिलिंद दर मेमध्ये त्या एका जाळीसाठी झाप विणून आणायचा.

शोकसभेत आप्पासाहेबांनी 'दूरदृष्टीचा माणूस' म्हणून डोळे पुसले. खोटं नव्हतं ते रडणं, म्हणून तर अधिक संताप आला. मग त्यांनी जाहीर केलं, की इमारतीला मिलिंदचं नाव देणार, संगमरवरी पाटी लावणार. कुठे? फाटकातून नजरेत भरेल अशी, माझ्या खोलीच्या भिंतीवर... नेमकी त्या जाळीवर. मी उभी राहून म्हटलं, "तिथे जागा नाही." सभेत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, तुझाच मित्र ना तो?" मी म्हटलं, "नाव द्यायचंय तर बाकीच्या जाळ्या उघडा." आप्पासाहेब म्हणाले, "ते नंतर बघू." आता मी गावभर मित्राचं नाव लावू न देणारी बाई झाले आहे, आणि पाटी ऑफिसात भिंतीकडे तोंड करून उभी आहे. शर्मिलाला काय वाटेल ह्या धास्तीने मी तिला फोनही केला नव्हता. परवा तीच रिक्षा करून आली. बरोबर झाप होता. "जायच्या आधी विणून ठेवलेला," एवढंच म्हणाली आणि त्या कड्यांकडे बघत राहिली.

झाप दाराशी टेकवून ठेवला आहे, पुढच्या आठवड्यात बांधीन. काल उन्हाळी शिबिराला आलेली एक नवीन मुलगी ताप भरला म्हणून दुपारी माझ्या खोलीत झोपली होती. उठली, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, तुमचा एसी कुठे लावलाय?" मी वर बोट दाखवलं आणि म्हटलं, "मिलिंदसरांनी लावलाय."